मापाचं पोलकं

आमच्या पांढुर्ण्यात एखादी अंगानं भरलेली बाई पोलक्याचं रडगाणं घेऊन बसली, की दुसरी हमखास म्हणते, "अवं, मंग उर्मिलाबाईकडे जाय नं. कायले शिंप्याच्या तोंडाले लागून राहिली?" आणि ती जाते. उर्मिलाबाई तिला आधी पाटावर बसवते, मग उभी करते, हात वर करायला लावते, वाकायला लावते. शेवटी म्हणते, "रोज घालतेस ते पोलकं दाखव. ठेवणीतलं नको. ठिगळाचं दाखव." नवी बाई इथं लाजते. आणि एरवी मांजरालाही मोठ्यानं न हाकलणारी उर्मिलाबाई इथं खेकसते, "लाजायचं असेल तर घरी जा बाई. ठिगळ पाहिल्याशिवाय मी सुई हातात धरत नाही."

लोकांना वाटतं, हा हेका आहे. कुणी म्हणतं, हात चांगला आहे ना, म्हणून डोक्यात हवा गेली. म्हणू द्या. लोकांचं काय, त्यांना बोलायला काही लागत नाही. खरी गोष्ट तिच्या पहिल्या पोलक्याची आहे. ते तिनं थोरल्या जावेसाठी, देवकाबाईंसाठी क्रोशानं विणलं होतं, आणि ते त्यांना बसलं नाही. पोलकं बसलं नाही ही काय सांगायची गोष्ट झाली, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर आधी.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी उर्मिला लग्न होऊन सौंसरहून पांढुर्ण्यात आली. नवरा प्रभाकर प्राथमिक शाळेत मास्तर. त्याचे थोरले भाऊ रघुनाथराव, त्यांचं बाजारात सरकी-ढेपेचं दुकान. सासू आधीच गेलेली, म्हणून घर चालायचं ते देवकाबाईंच्या शब्दावर. देवकाबाई मोहगावच्या कास्तकाराची लेक, या रघुनाथरावांच्या बायको. पदरी एकच मुलगी, मीना.

देवकाबाई अंगानं थोराड होत्या. थोराड म्हणजे काय, चांगल्या ऐसपैस. अंगणातून घरात येताना आपणच ओरडायच्या, "सरका वं, मालगाडी येऊन राहिली!" दुसऱ्यानं हसायच्या आधी आपण हसून घ्यायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, बाईला आपल्या अंगाचं काही वाटत नाही. उर्मिलेलाही वाटायचं. पहिल्याच वर्षी उर्मिलेला मुदतीचा ताप आला, तेव्हा याच बाईनं तिचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. पाठ अवघडली तरी ठेवलं नाही. उर्मिला आईविना वाढलेली. आईची मांडी कशी असते, ते तिला या जावेच्या मांडीवर कळलं.

तेव्हा बाईमाणसाच्या अंगाला टेप लावायची पद्धत नव्हती. अंगाला बसतं असं जुनं पोलकं शिंप्याकडे मापाला धाडायचं आणि त्यावरून नवं शिवून घ्यायचं. त्याला म्हणायचं मापाचं पोलकं. देवकाबाईंचं मापाचं पोलकं गेलं, की बाजारातला रामाजी शिंपी ते दोन्ही हातांनी उंच धरायचा आणि गिऱ्हाइकांना विचारायचा, "हे पोलकं होय का गादीची खोळ गा?" हे एकदा देवकाबाईंच्या कानावर आलं. त्या पोट धरून हसल्या. आणि त्यानंतर त्यांनी पोलकं मापाला धाडणं बंद केलं. मिळेल ते आणायचं, बगला उसवायच्या आणि रघुनाथरावांच्या जुन्या धोतराचं ठिगळ आतून लावून भागवायचं. वर पदर घट्ट. घरात हे कुणाला दिसत नसे. दिसलं तरी कुणी बोलत नसे.

मीनाचं लग्न ठरलं ते नागपुरात, सीताबर्डीकडल्या शिकल्यासवरल्या घरात. मांडव पांढुर्ण्याला पडला. मंगलाष्टकं झाली, देवकाबाईंनी अक्षता टाकायला हात वर केला आणि चर्रकन आवाज झाला. पोलक्याची बाही बगलेपासून कोपरापर्यंत फाटली. आतलं धोतराचं ठिगळ बाहेर लोंबायला लागलं. विहीणबाई शेजारीच उभ्या. त्या हसून म्हणाल्या, "विहीणबाई, पुढच्या वेळी मांडवाचंच कापड घ्या हो अंगाला!" बायका खो खो हसल्या. सगळ्यांत जास्त हसल्या देवकाबाई. पदर अंगाभोवती ओढून पंगतीत तूप वाढत फिरल्या. पण त्या दिवसानंतर त्यांनी नागपूरचं नाव काढलं नाही. मीनाचा पहिला सण झाला, हळदीकुंकू झालं, बोलावणी आली. कधी यांचा गुडघा दुखे, कधी म्हैस विते.

मग वर्षभरात मीनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. देवकाबाईंनी मागची खोली सारवून घेतली, बाज आवळून घेतली, डिंक आणला, खारका फोडून ठेवल्या. आणि नागपूरहून निरोप आला तो असा: सातव्या महिन्यात आमच्याकडे ओटीभरण करू. मीनाच्या आईनं स्वतः येऊन ओटी भरावी, ओवाळावं आणि मुलीला घेऊन जावं. आई लग्नापासून आमच्या दारात आलेली नाही. आताही येणार नसेल, तर मुलगी इथंच राहील. इथं डॉक्टरीण शेजारी आहे.

निरोप ऐकून देवकाबाई चुलीपुढं बसून राहिल्या. तव्यावरची भाकर करपली, तरी त्यांना वास नाही. उर्मिलेनं ती उलटली.

"बाई, जावं तर लागल," ती म्हणाली.

"जाईन नं. पोरीले आणाले कोनती माय जात नाही?" देवकाबाई म्हणाल्या, आणि नेहमीसारख्या हसल्या नाहीत, हे उर्मिलेला नवं होतं. "पन काय घालून जाऊ वं उर्मिले? ओवाळाचं म्हनजे हात वर आलाच. पुन्हा तसंच झालं तं माही पोरगी त्या घरात जलमभर मान खाली घालून राहील."

उर्मिला त्या वर्षी कन्याशाळेतल्या नव्या बाईंकडे क्रोशा शिकून राहिली होती. शिकून म्हणजे साखळी यायची, खांब यायचा, रुमालाची कड यायची. एक टेबलावरचा गोल केला होता, तो मध्ये टोपीसारखा उभा राहिला, म्हणून तांब्याखाली दाबून ठेवला होता. एवढी तिची विद्या! पण जीव भरून आला की माणूस पायरी पाहत नाही. ती म्हणाली, "मी विणते तुमचं पोलकं. क्रोशाचं. कापडासारखं चर्रकन फाटायचंच नाही. दोरा ताणतो, बाई. हात कितीही वर करा."

जत्रेत पाळण्यावर बसवलेलं लहान पोर पाहतं, तसं देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "खरंच वं?"

"खरंच."

दुसऱ्या दिवशी उर्मिला शाळेतल्या बाईंना विचारायला गेली. त्या म्हणाल्या, "टेबलावरचं विणणं वेगळं आणि अंगावरचं वेगळं. त्यातून अंग मोठं. सगळीकडून सारखं वाढवत नेशील तर फसशील. माणूस पोटानं, दंडानं वाढतो. खांदे तेवढेच राहतात. मापाच्या पोलक्यावर मुळीच जाऊ नकोस. अंगावर दोरी लाव, बसवून लाव, हात वर करून लाव."

उर्मिलेनं मान हलवली. घरी येऊन दोरी हातात घेतली आणि दोनदा देवकाबाईंपर्यंत जाऊन परत आली. थोरल्या जावेला 'हात वर करा, माप घेते' म्हणायचं? जिच्या पुढ्यात आपण पायावर पाय टाकून बसत नाही, तिच्या पोटाभोवती दोरी फिरवायची? जीभ रेटेना. शेवटी ती म्हणाली काय, तर "बाई, मापाचं पोलकं द्या एखादं."

देवकाबाईंचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. "देते नं. उद्या देते."

उद्या का, हे उर्मिलेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पोलकं दिलं. निळं, सुती, धुऊन घडी घातलेलं, वर हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलेलं. उर्मिलेनं ते उजेडात पसरलं आणि मापं घ्यायला लागली. बगलेशी आली आणि थांबली.

दोन्ही बगलांत सुईच्या भोकांची रांग होती. ताजी. कापड तिथं आतल्या बाजूनं जास्त निळं, कारण इतकी वर्षं ते ठिगळाखाली झाकलेलं. एका टोकाला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अजून लटकत होता. आपली धाकटी जाऊ ठिगळं पाहील, एवढी मोठी ठिगळं पाहील, म्हणून देवकाबाईंनी ती उसवून काढली होती, शिवण परत मारली होती आणि मग पोलकं मापाला दिलं होतं.

उर्मिलेला सगळं दिसलं. न दिसण्याचा प्रश्नच नाही. हे पोलकं आज देवकाबाईंच्या अंगात शिरणार नाही, हे एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं. एवढंच विचारायचं होतं, बाई, ठिगळं कुठं ठेवली? तीही आणा, जोडून मोजते. देवकाबाई लाजल्या असत्या, कदाचित रागावल्या असत्या, आणि घटकाभरानं हसल्याही असत्या. त्या भाकरी थापत होत्या, पाठ होती इकडे. त्यांनी न वळताच विचारलं, "जमल ना वं?"

उर्मिला म्हणाली, "जमल."

आता सांगा, काय म्हणावं या बाईला! मान राखला म्हणे! आणि खरं सांगायचं तर निव्वळ मान नव्हता तो. लहान पोलकं लवकर होईल, हेही तिच्या मनात आलं. मोठं विणलं की ते खोळीसारखं दिसेल आणि शाळेतल्या बाई, शेजारणी पाहतील, हेही आलं. आणि दोरा ताणतोच की, ही एक पळवाट होतीच. शिकाऊ माणसाला आपल्या दोऱ्यावर फार भरवसा असतो.

तिनं पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे आणले आणि बसली. पहिली साखळीच आवळून घातली, तिला सैल हात ठाऊक नव्हता. दर ओळीला कडेचा खांब सुटायचा आणि तुकडा वर वर निमुळता होत जायचा. मग उसवायचं, परत घालायचं. बोटाला घट्टा पडला. प्रभाकर एकीकडे वर्तमानपत्र आपटून राहिला होता. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आणि आपण इकडे भोपाळच्या दावणीला. "बोलणं आपलं मराठी, बाजार आपला नागपूरचा, आणि राजधानी कुठं? भोपाळ!" रघुनाथराव म्हणायचे, "मंग आता पोरगी परमुलखात गेली म्हनाची." ते ऐकून देवकाबाई उर्मिलेच्या हाताकडे पाहायच्या. त्यांना राज्याचं काही पडलं नव्हतं. त्यांना पोलकं वेळेत होईल का, एवढीच काळजी.

पोलकं झालं, आणि दिसायला ते देखणं झालं, हे कबूल करायला हवं. गळ्याला कमळाची कड, बाहीला कंगोरे. देवकाबाईंनी ते दोन्ही तळहातांवर घेतलं. "माय वं! हे माह्यं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारपाजारी दाखवून आल्या.

"एकदा घालून पाहा बाई," उर्मिला म्हणाली. म्हणाली खरी, पण आवाज असा, की समोरच्यानं नाही म्हणावं.

"नवं कापड शनिवारी अंगाले लावत नाही. ओटीच्या दिवशीच घालीन, देवाले दाखवून." आणि त्यांनी पोलक्याला हळदकुंकवाचं बोट लावून ते घडी करून लुगड्यात ठेवलं. शनिवार गेला, रविवार आला, सोमवार आला. दोघींनी पुन्हा विषय काढला नाही. एकीला घालायची भीती आणि दुसरीला बघायची. आणि दोघी एकमेकींना जपून राहिल्या होत्या!

दसरा उलटल्यावर दोघी पॅसेंजरनं नागपूरला गेल्या. आश्विनातलं ऊन कडक होतं. विहीणबाईंनी पायांवर पाणी घातलं, चहा दिला, चांगलं बोलल्या. मीना आईच्या गळ्यात पडली. "आई, माझं सामान बांधून तयार आहे," ती कानात म्हणाली. हिरवं लुगडं नेसलेली, हातभर हिरव्या बांगड्या, चेहरा असा उजळलेला. बाहेर पाट मांडला, बायका जमल्या. देवकाबाई उर्मिलेला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

डावी बाही कोपरापर्यंत गेली, दंडावर अडली. उर्मिलेनं ओढली. तिथून कशीबशी चढली. उजवी चढवली, तेव्हा पाठ अशी आवळली, की देवकाबाईंना श्वास घेता येईना. पुढच्या दोन्ही कडा एकमेकींपासून वीतभर लांब राहिल्या. उर्मिला ओढत राहिली. खांद्याला पोलकं ढगळ, घसरून राहिलेलं. दंडाला आणि छातीला दोरीसारखं काचलेलं. ताणणारा दोरा जराही ताणला नाही.

"राहू दे वं," देवकाबाई म्हणाल्या. "तुटल. तुही मेहनत हाय त्यात."

हे ऐकून उर्मिलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरून हाक आली, "विहीणबाई, चला, वेळ चालली!"

"बाई, आलात त्याच पोलक्यावर चला. पदर घेऊ घट्ट."

देवकाबाईंनी काढून ठेवलेलं पोलकं उचललं. घामानं भिजलेलं, विटकं, काखेत धोतराचं ठिगळ. त्यांनी ते अंगात घातलं, पदर घेतला, दारापर्यंत गेल्या. कडीला हात लावला. बाहेर कुणीतरी कशावर तरी हसलं. दुसऱ्याच कशावर असेल. पण देवकाबाईंचा हात कडीवरून खाली आला.

"मले नाही होत," त्या म्हणाल्या. "तू जाय. तू भर ओटी. सांग, मले चक्कर आली."

"बाई, असं नका करू. मीनाला न्यायचं आहे आपल्याला."

"जाय म्हनते ना!" आयुष्यात पहिल्यांदा त्या उर्मिलेवर ओरडल्या. मग चटईवर आडव्या झाल्या आणि त्या उकाड्यात शाल डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड केलं.

उर्मिलेनं ओटी भरली. तांदूळ, खोबरं, खण. मग ओवाळलं. मीनाचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच, ती दाराकडे पाहत होती. विहीणबाई वाईट बोलल्या नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण पांढुर्ण्यात नंतर त्यांच्या नावानं उगाच खडे फोडले गेले. त्या एवढंच म्हणाल्या, "आईंना उठवतही नसेल, तर बाळंतपण कसं झेपणार त्यांना? मीनाला इथंच राहू द्या." आणि त्यात चूक काय होतं? चक्कर येते हे आपणच सांगितलं ना!

मीना आत आली. आईच्या पाठीशी उभी राहिली. "आई, उठ नं. थोडं बस बाहेर. तू उठलीस तर सासूबाई पाठवायला तयार आहेत." मीना वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "लग्नातलं अजून मनात धरलंस ना? त्यांचा राग माझ्यापेक्षा मोठा आहे तुला?" शाल हलली नाही. उर्मिला उशाशी उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं, मीना, पोलकं बसलं नाही गं. पण शालीतून देवकाबाईंची बोटं बाहेर आली आणि त्यांनी उर्मिलेच्या लुगड्याचा काठ ओढला. बोलू नको. उर्मिला पुन्हा गप्प राहिली.

परतीच्या गाडीत दोघींच्या मध्ये मीनासाठी धरलेली जागा रिकामी होती. नरखेड गेलं, पांढुर्णं आलं. दिवाळीच्या तोंडावर राज्यं बदलली. नागपूर तिकडे, आपण इकडे. गाडी तीच, रूळ तेच, पण रघुनाथराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आता तं सरकारनंच तोडलं गा." देवकाबाई ऐकून घ्यायच्या. सरकारवर ढकलायला त्यांनाही सोपं गेलं असतं. त्यांनी ढकललं नाही.

मागच्या खोलीतली बाज तशीच होती. उर्मिला एक दिवस रडतच म्हणाली, "बाई, मी ते उसवते. दोरा वाया जात नाही. नीट माप घेऊन परत विणते."

"आता कुठं जायाचं हाय मले?" देवकाबाई म्हणाल्या.

पण पोलकं त्यांनी आणलं. स्वतःच दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढायला लागल्या. ओळीमागून ओळ सुटत गेली. कमळाची कड सुटली, कंगोरे सुटले. त्यांनी गुंडा केला आणि उर्मिलेच्या ओच्यात टाकला. "घे. बाळाचं टोपडं कर."

मीनाला मुलगी झाली, पौषात, नागपुरात. टोपडं गेलं. ते मोठं झालं, असा निरोप आला.

पुढं उर्मिला खऱ्या अर्थानं शिकली ती बोरगावच्या पंचफुलेवर. पंचफुला संत्र्याच्या बगीच्यावाल्याची बायको, देवकाबाईंहून दोन बोटं जास्तच. ती अंगणात उभी राहून दोन्ही हात वर करून म्हणाली, "घे माप! लाजतं कोन? बैलबंडीले काय आपल्या मापाची लाज रायते?" उर्मिलेनं टेप लावली. खांदे थोडेच धरले. बगलेखाली खांब वाढवले, पोटावर पुढून अर्ध्या अर्ध्या ओळी जास्त घातल्या, तसं केलं म्हणजे पोलकं वर चढत नाही, दंडाला सैल हात ठेवला. ते पोलकं असं बसलं, की पंचफुलेनं घातल्या घातल्या उडी मारून तोरणाला हात लावला. देवकाबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या.

"छान बसलं वं तिले," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर उर्मिलेला बरं वाटलं असतं.

"बाई, तुमचं माप घेऊ?"

"माह्यं कायले? मी तं घरीच रायते."

उर्मिलेनं नंतरही विचारलं. दर सणाला विचारलं. उत्तर तेच. तिगावपासून मोहगावपर्यंतच्या बायका येऊन मापं देऊन गेल्या, आणि घरातली एक बाई ठिगळाच्या पोलक्यावर पदर ओढून भाकरी थापत राहिली. मीना यायची, नाही असं नाही. सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. आईला वाकून नमस्कार करायची, चहा घ्यायची, उर्मिलेशी गप्पा मारायची. मुक्काम तिनं कधी केला नाही.

अशी अठराएक वर्षं गेली आणि एका हिवाळ्यात देवकाबाई झोपेतच गेल्या. वर्षश्राद्धाला मीना आली. आता तीही चांगली भरली होती. आईचीच ठेवण, चाळिशीच्या आतच. जेवणं उरकल्यावर ती मागच्या खोलीत उर्मिलेजवळ येऊन बसली.

"काकू, लेकीचं लग्न ठरतंय माझ्या. मला एक पोलकं विणून द्याल? सगळ्यांची विणता." आणि तिनं पिशवीतून घडी केलेलं एक पोलकं काढून पुढं ठेवलं. "हे मापाला आणलंय. जमल ना?"

उर्मिलेनं ते हातात घेतलं. घडी मोडायच्या आधीच तिला काय दिसणार ते कळलं होतं. तिनं पोलकं उलटं केलं. बगलेत भोकांची रांग होती.

"नाही जमणार," ती म्हणाली. "ठिगळं कुठं ठेवलीस मीना?"

मीनाचा चेहरा लाल झाला. "काहीतरीच काय काकू..." ती म्हणाली, आणि पाहते तर उर्मिला रडत होती. हमसून हमसून, म्हातारी बाई रडते तशी. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं. निळं पोलकं, उसवलेली ठिगळं, आतली खोली, कडीवरून खाली आलेला हात, आणि शालीतून बाहेर आलेली बोटं.

मीनानं बाजेच्या सुंभावरून हात फिरवला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "काकू, एवढंच होतं? मी माझ्या लुगड्यात गुंडाळून आणली असती तिला बाहेर." मग तिचा आवाज फुटला. "मी किती वर्षं तिच्याशी धड बोलले नाही."

उर्मिलेनं डोळे पुसले, खुंटीवरची टेप काढली. "उभी राहा. हात वर कर."

मीनानं हात वर केले. टेप पाठीमागून फिरून पुढं आली. उर्मिलेनं आकडा पाहिला, पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

"आईचंही एवढंच असेल, नाही काकू?" मीनानं विचारलं.

"मला माहीत नाही," उर्मिला म्हणाली. "त्यांचं माप मी कधी घेतलंच नाही."